वाचकांचे प्रश्न : करडांच्या अंगावरच्या उवा परत का येतात?

मार्गशीर्ष लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये करडांच्या उवांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी पुणे जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांमधून अशी बरीच पत्रे आली असल्याने हे संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. पुरंदरच्या वाचक भगिनींनी आपला अनुभव फार बारकाईने लिहिला आहे आणि इतर अनेकांची अडचणही मुळात तीच आहे, म्हणून त्यांचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : सासवडजवळ आमची दीड एकर जमीन आहे. अर्ध्या एकरात सीताफळाची बाग आहे आणि घरामागच्या गोठ्यात ६ उस्मानाबादी शेळ्या व त्यांची ९ करडे आहेत. दिवाळीनंतर करडे सारखी अंग खाजवू लागली, दावणीच्या खांबाला मान घासू लागली. केस बाजूला करून पाहिले तर उवा दिसल्या. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून उवांचे इंजेक्शन आणले आणि मोठ्या सात करडांना दिले. आठ दिवस बरे वाटले, पण तीन आठवड्यांनी उवा पहिल्याइतक्याच झाल्या. दोन करडे आता वाळत चालली आहेत. सासूबाई म्हणतात की सीताफळाच्या बिया वाटून लावाव्यात, पूर्वी त्या मुलींच्या डोक्याला लावत असत. औषध कमी पडले की चुकीचे होते? आणि बियांचा उपाय करावा का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. सीताफळाच्या बियांची पूड किंवा वाटण करडांना कृपया लावू नका. त्या बियांमध्ये कीटक मारणारे द्रव्य आहे हे खरे, आणि सासूबाईंच्या पिढीला ते ठाऊक होते हेही खरे. पण त्या पुडीचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, डोळा लाल होतो, पाणी गळते, कधी फूल पडते. पूर्वी मुलींच्या डोक्याला हे वाटण लावताना डोळ्यांवर फडके घट्ट बांधत असत, ते उगीच नव्हे. करडू मात्र मान झटकते, दुसऱ्या करडाच्या अंगावर डोके घासते आणि आईच्या कासेत तोंड खुपसते. बाग घरचीच असल्याने बिया सहज हाताशी असतील, म्हणूनच इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

आता मूळ प्रश्न. औषध कमी पडले असे मला वाटत नाही. आपल्या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि त्यांतली कोणतीही एक उवा परत यायला पुरेशी होती: माय शेळ्यांना उपचार झाला नाही, दोन लहान करडे वगळली गेली, आणि उपचार एकदाच झाला.

उवेचे सारे आयुष्य जनावराच्या अंगावर जाते. ती गोचिडीसारखी भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालत नाही. केसाच्या मुळाशीच एकेक अंडे डिंकाने चिकटवावे तसे चिकटवते. हीच लीख. लिखा फुटायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि त्यातून निघालेली बारीक ऊ तीन वेळा कात टाकून आणखी दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालण्याजोगी होते. उवांवरची बहुतेक औषधे जिवंत उवा मारतात, पण लिखेच्या कवचातून आत पोचत नाहीत. म्हणजे आपण पहिल्या दिवशी ज्या उवा मारल्या त्यांची अंडी केसांवर शाबूत होती, ती पुढच्या दोन आठवड्यांत फुटली आणि आपल्याला तीन आठवड्यांनी जे दिसले ती ही नवी पिढी. त्यात माय शेळ्यांच्या अंगावरच्या उवांची रोज भर पडत होती, कारण करडे रात्री आईच्या कुशीला चिकटून झोपतात.

यावरूनच दुसऱ्या उपचाराचा दिवस ठरतो. पहिल्या उपचारानंतर १२ ते १४ दिवसांनी बहुतेक लिखा फुटून गेलेल्या असतात, पण त्यातून निघालेल्या उवांनी अजून अंडी घातलेली नसतात. त्या मधल्या दिवसांत सापडल्या तर साखळी तुटते. चार दिवसांतच पुन्हा औषध मारणे म्हणजे औषध वाया घालवणे, आणि महिनाभर थांबणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून पहिला उपचार होताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौदावा दिवस गोल करून ठेवा. अठ्ठाविसाव्या दिवशी एकदा तपासणी करा. एकही जिवंत ऊ सापडली तर तिसरी फेरी घ्यावी लागेल.

इंजेक्शनबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आपण औषधाचे नाव कळवलेले नाही, पण दुकानात ‘उवांचे इंजेक्शन’ म्हणून जे दिले जाते ते बहुधा आयव्हरमेक्टिन असते. शेळ्यांवर दोन जातींच्या उवा असतात. एक रक्त शोषणारी, निमुळत्या डोक्याची, निळसर राखी रंगाची, कातडीत तोंड रुतवून एका जागी बसलेली. दुसरी चावणारी, रुंद डोक्याची, फिकट तपकिरी, केसांतून चपळ धावणारी. ती रक्त शोषत नाही, कातडीचे पापुद्रे आणि केस कुरतडते आणि खाज तिच्यामुळे फार सुटते. आयव्हरमेक्टिन रक्तातून काम करते, त्यामुळे रक्त शोषणाऱ्या उवांवर ते चांगले चालते, पण चावणाऱ्या उवांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. एकाच करडावर दोन्ही जाती असू शकतात.

म्हणून आधी पाहून घ्या. दुपारी अकरा-बाराच्या उन्हात करडाला मांडीवर घ्या आणि खांद्यामागे, मानेवर, पाठीच्या कण्यालगत, काखेत व शेपटीच्या बुडाशी भांग पाडावा तसे केस बोटांनी बाजूला करा. उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्या असतात आणि काळ्या केसांत ऊ चटकन दिसत नाही, त्यामुळे खाली पांढरे धुतलेले फडके अंथरून बारीक दातांच्या फणीने दहा-बारा वेळा विंचरा. फडक्यावर जे पडेल ते खसखशीपेक्षा मोठे आणि तिळापेक्षा लहान असेल. पळणारे असेल तर चावणारी ऊ, हळू हलणारे आणि पोट गडद झालेले असेल तर रक्त शोषणारी. पांढरट कण दिसले तर एक केस चिमटीत धरून नखाने ओढून पाहा. कोंडा असेल तर गळून पडतो, लीख जागची हलत नाही. त्याच वेळी करडाची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून आतला रंग पाहा. तो गुलाबी असावा. फिकट किंवा पांढुरका असेल तर रक्त कमी झाले आहे.

दोन करडे वाळत चालली आहेत असे आपण लिहिले आहे. या दोघांच्या बाबतीत उवा हे कारण आहे की परिणाम, हा प्रश्न मी नेहमी विचारतो. पोटात जंत किंवा रक्ती हगवणीचे जंतू असलेले, दूध अपुरे मिळणारे करडू आधी अशक्त होते, अंग चाटून-खाजवून साफ ठेवण्याची त्याची ताकद जाते आणि मग कळपातल्या सगळ्यांत जास्त उवा त्याच्याच अंगावर दिसतात. त्यामुळे या दोघांच्या लेंड्या डबीत भरून आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. नुसत्या उवा मारून ती उभी राहणार नाहीत.

आता प्रत्यक्ष उपचार. आपल्या ६ शेळ्या आणि ९ करडे, बोकड असेल तर तोही, अशा साऱ्यांना एकाच दिवशी उपचार व्हायला हवा. एकही जनावर सुटले तर त्याच्या अंगावर बी राहते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका वाड्यावर फक्त करडांना औषध लावून निघालो होतो, कारण मालकाने शेळ्यांना काही नाही असे सांगितले आणि मी शेळ्यांचे केस उलटून पाहिले नाहीत. महिन्याभरात तीच करडे पुन्हा माझ्यापुढे होती आणि त्यांतले एक तोवर इतके खचले होते की ते वाचले नाही. तेव्हापासून मी करडाच्या आधी आईच्या मानेत बोटे घालतो.

शेळ्या आणि दोन-तीन महिन्यांपुढच्या करडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन या वर्गातील, जनावरांसाठी तयार केलेले औषध पाण्यात मिसळून अंगावर फवारता किंवा स्पंजाने लावता येते. ते दोन्ही जातींच्या उवांवर चालते. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. याच नावांची औषधे कृषी सेवा केंद्रातही पिकांसाठी मिळतात, पण त्यांची तीव्रता वेगळी असते. जनावरांसाठीचे डेल्टामेथ्रिन सहसा १.२५ टक्के असते, तर पिकांसाठीचे २.८ टक्के, काही ११ टक्केही. एका बाटलीवरचे प्रमाण दुसऱ्या बाटलीला लावले तर अंगावर कित्येक पट औषध जाते. शिवाय पिकांच्या औषधातील द्रावके कातडीसाठी तयार केलेली नसतात. वांग्यावर मारून उरलेले औषध करडांवर वापरल्याने फेस गाळत, थरथर कापत आणलेली करडे मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘जनावरांच्या वापरासाठी’ असे छापलेलीच बाटली घ्या आणि उवांसाठी तिच्यावर जे प्रमाण दिले असेल तेच मोजून घ्या; गोचिडीचे प्रमाण वेगळे असू शकते. अंदाजाने झाकण भरून ओतू नका.

दिवस निवडताना वारा नसलेला, लख्ख उन्हाचा निवडा आणि काम सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान उरका. सासवडच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा चांगलाच असतो. ओल्या केसांनी संध्याकाळ झाली तर उवांच्या आधी न्यूमोनिया करडाला गाठेल. आधी सर्वांना वैरण-पाणी करून घ्या, म्हणजे ती तहानेने ओले अंग चाटणार नाहीत. औषध केसांवरून ओघळून जाता कामा नये, कातडीपर्यंत पोचले पाहिजे, म्हणून केसांच्या उलट दिशेने हात फिरवत लावा. तोंड व कानांमागचा भाग फडक्याने पुसून घ्या, डोळे आणि नाकपुड्या सांभाळा. शेळीची कास कोरडी होईपर्यंत करडे वेगळी ठेवा आणि पाजण्यापूर्वी कास साध्या पाण्याने धुऊन पुसा. आपण स्वतः हातमोजे व तोंडाला फडके वापरा. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कारण ही औषधे मासे आणि मधमाश्या यांना अत्यंत घातक आहेत, आणि बागायतदाराला मधमाशीचे मोल मी सांगायला नको.

गोठ्याचे काम त्याच दिवशी करावे, पण त्याची धास्ती घेऊ नये. अंगावरून पडलेली ऊ साधारण आठवडाभरच जगते. करडांच्या खाली अंथरलेली पोती, जुने गवत आणि पालापाचोळा काढून जाळा किंवा दूर उकिरड्यात टाका, ठेवायची पोती दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा, जमीन खरडून चुना भुरभुरा. खरारा आणि फणी उकळत्या पाण्यातून काढा. एका गोठ्याचा खरारा दुसऱ्या गोठ्यात मागून नेण्याची पद्धत खेड्यांत सर्रास आहे आणि उवा त्याच्याबरोबर फिरतात.

प्रश्न : माझ्या एका उस्मानाबादी शेळीला जुळे झाले. करडे १२ दिवसांची आहेत. एकाच्या अंगावर खूप उवा आहेत आणि पापण्या आतून पांढऱ्या आहेत. जुन्नरकडे सध्या खूप थंडी आहे. एवढ्या लहान करडाला कोणते औषध चालेल? — जुन्नर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : या वयाच्या करडाला फवारा नको, आंघोळ नको आणि आपल्या हाताने इंजेक्शन तर मुळीच नको. हिशेब पाहिला की कारण कळेल. आयव्हरमेक्टिनच्या नेहमीच्या १ टक्क्याच्या औषधाची मात्रा ५० किलो वजनाला १ मिलिलिटर असते. आपले करडू अडीच-तीन किलोचे असेल, म्हणजे त्याला लागणारे औषध एका मिलिलिटरचा जेमतेम विसावा भाग. साध्या सिरिंजने इतके थोडे औषध मोजता येत नाही, त्यामुळे मात्रा नकळत पाच-दहा पट होते. त्यातून इतक्या कोवळ्या पिल्लाचा मेंदू अशा औषधापासून मोठ्या जनावराइतका सुरक्षित नसतो. करडू झिंगते, आडवे पडते आणि दूध ओढायचे थांबते.

त्याऐवजी वेळ देण्याची तयारी ठेवा. करडाला उन्हात घेऊन बारीक फणीने रोज दोनदा विंचरा आणि फणी प्रत्येक वेळी साबणाच्या गरम पाण्यात बुडवा. केस लांब असतील तर मानेवरचे व पाठीवरचे कात्रीने आखूड करा. त्याने काही लिखाही निघून जातात आणि ऊन कातडीपर्यंत पोचते. असे केस कापलेल्या करडाला रात्री पोत्याचे किंवा जुन्या स्वेटरच्या बाहीचे अंगडे घालावे लागेल, आणि ते रोज उन्हात टाकावे लागेल. करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल बोटांच्या टोकांनी फार पातळ लावले तर काही उवा गुदमरून मरतात. ते औषधाइतके खात्रीचे नाही, पण या वयात तेवढा आधार पुरतो. जनावरांसाठीची उवांची पावडर पशुवैद्यकांनी वय पाहून सुचवली तर तीही चालेल. आईला मात्र वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण उपचार करा, नाहीतर आपली दिवसभराची मेहनत रात्री वाया जाईल.

पांढऱ्या पापण्यांसाठी उद्याची वाट पाहू नका. १२ दिवसांचे करडू फक्त दुधावर असते आणि शेळीच्या दुधात लोह फार कमी असते, त्यामुळे उवांनी शोषलेले रक्त ते लवकर भरून काढू शकत नाही. दवाखान्यात नेणे जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करा. लोहाचे इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यांनी करडू पाहून ठरवावे. जुळ्यांमधले दुबळे करडू सडावरून ढकलले जाते, तेव्हा दर पाजणीला त्याला आधी लावा आणि पोट भरले का ते हाताने चाचपून पाहा.

प्रश्न : माझी लहान मुले करडांना उचलून घेतात, कधी जवळ घेऊन झोपतात. शेळीच्या उवा मुलांच्या डोक्यात जातील का? गोठ्यात कोंबड्याही आहेत. — मुळशी

उत्तर : शेळीची ऊ माणसाच्या अंगावर टिकत नाही आणि वाढत नाही, कपड्यावर एखादी चढली तरी तिथे तिचा निभाव लागत नाही. मुलांच्या डोक्यातल्या उवा या माणसांकडूनच आलेल्या असतात, त्याचा दोष करडांवर ठेवू नये. फक्त औषध लावल्यावर दोन-तीन दिवस मुलांना करडांपासून दूर ठेवा. कोंबड्यांच्या उवाही शेळीवर वसती करत नाहीत, पण कोंबड्यांच्या पिसवा आणि गोचिडी करडांच्या कानांना व तोंडाला डसू शकतात. म्हणून खुराडे करडांच्या डोक्यावर बांधलेले असेल तर ते हलवा.

प्रश्न : दोनदा फवारणी केली, ऊ एकही दिसत नाही, तरी दोन करडांच्या कानांवर व नाकाभोवती खपल्या आहेत आणि केस गळत आहेत. औषध आणखी कडक करावे का? — शिरूर

उत्तर : करू नका. ऊ दिसत नसेल तर हा रोग दुसरा आहे. कानांच्या कडा, डोळ्यांभोवती आणि गुडघ्यांवर जाड, सुरकुतलेली, कोरडी खपली असेल तर खरूज असण्याची शक्यता आहे. तिचा किडा डोळ्यांना दिसत नाही, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ओठांच्या कोपऱ्यांवर फोड येऊन काळपट खपल्या धरल्या असतील तर तो मावा असू शकतो. तो विषाणूमुळे होतो, माणसाच्या हातालाही लागतो, म्हणून हातमोज्यांशिवाय खपल्या काढू नका. नाण्याएवढे गोल चट्टे असतील तर गजकर्णाचा विचार करावा लागतो. या तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात निदान झाले नाही तर त्यांच्यामार्फत नमुना औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो.

प्रश्न : चाकणच्या बाजारातून चार संगमनेरी पाठी (तरुण माद्या) आणायच्या आहेत. आमच्या शेळ्यांवर आज उवा नाहीत. त्या येऊ नयेत म्हणून काय करावे? आणि दुधाचे काय? घरात चहाला शेळीचेच दूध लागते. — खेड तालुका

उत्तर : हा प्रश्न जनावरे आणण्यापूर्वी विचारलात याचा मला फार आनंद झाला. बाजारात दिवसभर अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या जनावरांवर उवा असणारच असे धरून चाला. नव्या पाठींना किमान तीन ते चार आठवडे वेगळ्या छपरात बांधा. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला उपचार आणि त्यानंतर चौदाव्या दिवशी दुसरा, असे दोन्ही तिथेच उरका आणि फणीला काही लागत नाही हे पाहूनच त्यांना कळपात सोडा. त्यांचा खरारा, पाण्याची बादली आणि पोती वेगळी ठेवा. आपल्या शेळ्यांना विनाकारण औषध मारू नका. कार्तिकात आणि पौषात एकेकदा केस उलटून पाहिले तरी पुरते, कारण उवा थंडीत वाढतात आणि उन्हाळ्यात केस विरळ झाले, कातडीवर ऊन लागू लागले की आपोआप घटतात.

दुधाबाबत, प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर दूध व मांस किती दिवस वापरू नये ते छापलेले असते, ते उपचारापूर्वी वाचा. आयव्हरमेक्टिन स्निग्धांशात उतरून दुधातून बरेच दिवस येत राहते, म्हणून घरात दूध वापरायचे असेल त्या शेळीला ते टोचून घेऊ नका. फवारणीच्या दिवशी सकाळची धार आधी काढा आणि वेष्टनावरचे दिवस संपेपर्यंतचे पुढचे दूध माणसांसाठी घेऊ नका.